भिजलेल्या हरभऱ्यांचा महिना

चैत्रातल्या तिजेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या महिन्यात रायपूरच्या सदर बाजारात दोन गोष्टींची प्रचंड उलाढाल होते. एक सोनं आणि दुसरे हरभरे. सोन्याचा हिशेब सराफ ठेवतात. हरभऱ्यांचा हिशेब आमच्या घरातल्या बायका ठेवतात, आणि तो सराफांपेक्षा पक्का असतो. तात्यापाऱ्याच्या काकूंनी गेल्या वर्षी ओटीत मूठभरच घातले होते आणि आपण ओंजळभर घातले होते, हे इथे कोणी विसरत नाही.

सदर बाजार म्हणजे कोतवालीपासून सत्तीबाजाराकडे जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना सराफांची दुकानं, दुकानांवर घरं, घरांवर गच्च्या आणि गच्च्यांवर पापड. या रस्त्यात चारचाकी घालणारा माणूस रायपूरचा नसतो. असलाच तर त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं असतं आणि त्याला दुसरं काही सुचत नसतं. वस्ती मुख्यतः मारवाड्यांची, त्यातही जैनांची. मधूनमधून गुजराती, सिंधी, आणि आसपासच्या मोहल्ल्यांत, बूढापाऱ्यात, कंकालीपाऱ्यात, तात्यापाऱ्यात आम्ही मराठी.

पुण्याहून आलेले पाहुणे पहिल्याच चहाला विचारतात, “तुम्ही इकडे कसे?” प्रश्नाचा सूर असा असतो, की जणू आम्ही रात्री गाडीत झोपलो आणि उतरायचं स्टेशन चुकलं. यावर इथल्या प्रत्येक मराठी घराचं उत्तर एकच असतं: आम्ही भोसल्यांबरोबर आलो. बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपूरच्या गादीवर बसले, हे खरं. पण जेवढी घरं हा दावा करतात तेवढी सगळी खरंच त्यांच्याबरोबर आली असतील, तर त्या फौजेत घोड्यांपेक्षा कारकून जास्त असले पाहिजेत. १८१८ नंतर इंग्रज आले, कर्नल अॅग्न्यूने कारभार रतनपूरहून रायपूरला हलवला, १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. पुढे १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. रेल्वे, कचेऱ्या, शाळा, कोर्ट, जिथे टेबल आणि दौत असेल तिथे नागपूर-अमरावतीकडचा मराठी माणूस येऊन बसला. आमचे पणजोबा तलवार घेऊन नाही, फाइल घेऊन आले. पण हे हळदीकुंकवात सांगायचं नसतं.

आमच्यातले जे खरोखर मोठे झाले ते माधवराव सप्रे. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढला, ‘दासबोध’ हिंदीत नेला, ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. त्यांच्या नावाची शाळा आजही आमच्या बूढातालाबाजवळ आहे. त्यांनी मराठी ग्रंथ हिंदीत नेले. आम्ही उरलेल्यांनी नुसती मराठी नेली. आमच्या हिची भाची लग्न होऊन ठाण्याला गेली, तर सासूने पहिल्या आठवड्यात विचारलं, “ही ‘मी जाऊन राहिली’ म्हणते, म्हणजे जाते की राहते?”

एक गोष्ट मात्र आम्ही जशीच्या तशी टिकवली. चैत्रगौर.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते. समोर आरास, दारात चैत्रांगणाची रांगोळी. महिन्याभरात सोयीचा दिवस बघून प्रत्येक घरी हळदीकुंकू. सुवासिनी येतात, हळद, कुंकू, अत्तर, गुलाबपाणी, कैरीचं पन्हं, आंब्याची डाळ, काकडीची फोड, आणि ओटीत ओंजळभर भिजवलेले हरभरे. गंमत अशी, की याच तिजेला सदरातल्या मारवाडी घरांतून गणगौरीची बोळवण असते. त्यांची गौर वाजतगाजत निघते, आमची त्याच दिवशी येऊन बसते. एका जिन्याने ती उतरते आणि दुसऱ्या जिन्याने चढते. गौर बहुधा एकच असावी आणि माहेरपण लांबवायला तिने ही सोय काढली असावी, असं माझं मत आहे. ते मी एकदा घरात बोलून दाखवलं, तर मला पाट पुसायला बसवलं.

आता हरभऱ्यांचं गणित बघा. आमच्या घरी हळदीकुंकू असलं, की ही आदल्या रात्री मोठ्या पातेल्यात हरभरे भिजत घालते. कोरडे दोन किलो असले तर सकाळपर्यंत ते जवळजवळ दुप्पट होतात. संध्याकाळी ते सगळे वेगवेगळ्या पदरांतून, रुमालांतून आणि हल्ली पिशव्यांतून वेगवेगळ्या पाऱ्यांत जातात. घर रिकामं. पुढच्या चार दिवसांत ही कंकालीपारा, तात्यापारा, बूढापारा आणि चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ एवढं करून येते. येताना तेवढेच भिजलेले हरभरे परत. मध्ये काय झालं? साड्या नेसून झाल्या, रिक्षाचे पैसे गेले, कोणाच्या सुनेला दिवस गेले ते कळलं, आणि गावातले सगळे हरभरे एक एक घर पुढे सरकले.

या व्यवहाराला एकच अलिखित कायदा आहे. ओटीतले हरभरे दुसरीच्या ओटीत घालायचे नाहीत. आपल्या घरचे आपण भिजवायचे. हा कायदा कोणीतरी मोडल्याचा संशय काही वर्षांपूर्वी आला होता. बूढापाऱ्याच्या वहिनींनी त्या साली काहीतरी नवीन म्हणून काबुली चणे भिजवले होते. पांढरे, टपोरे, दिसायला देखणे. बाकी सगळ्या घरी नेहमीचे गावरान, तपकिरी. दोन दिवसांनी तात्यापाऱ्याहून आलेल्या ओटीत, त्या सगळ्या तपकिरी गर्दीत, हिला एक काबुली चणा सापडला. एकच. हिने तो चिमटीत धरून उजेडाकडे नेला. समोरचे सराफ नथीतला मोती ज्या नजरेने बघतात, त्याच नजरेने बघितला. मग फोन लागले. काबुली चणा तात्यापाऱ्यात गेला कसा? बूढापाऱ्याहून गेलेल्या ओटीतूनच ना? म्हणजे ती ओटी तिथे पातेल्यात मिसळली. म्हणजे आपल्याला जी ओटी मिळाली ती... पुढचं वाक्य फोनवर कोणी पूर्ण केलं नाही. पण त्या वर्षी तात्यापाऱ्याच्या काकूंना आंब्याची डाळ दुसऱ्यांदा घ्या म्हणून कोणी आग्रह केला नाही. वहिनींनीही पुढच्या साली मुकाट्याने गावरान भिजवले.

तर प्रश्न असा, की आलेल्या हरभऱ्यांचं करायचं काय? पुण्यात हा प्रश्न उद्यावर ढकलता येतो. रायपूरला नाही. एप्रिलच्या शेवटाला इथे पारा चाळिशी ओलांडून वर जातो आणि भिजलेल्या कडधान्याला चोवीस तास फार होतात. संध्याकाळी घरी आलेल्या हरभऱ्याला सकाळी मोड, दुपारी फेस, आणि संध्याकाळी असा वास, की शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक हातातलं मंगळसूत्र ठेवून उठतं. फ्रिज पन्ह्याच्या बाटल्यांनी भरलेला. मग उसळ. कोणालाही न आवडता सगळ्यांनी खावी लागणारी, चैत्रातल्या दुसऱ्या दिवसाची उसळ.

ही उसळ करायचं काम माझ्याकडे आहे. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी घरातल्या पुरुषाला घरात जागा नसते. मी खाली सराफाच्या पायरीवर बसतो, तिथे शेठजी मला सोन्याचा भाव सांगतात आणि मी “बाप रे” म्हणतो. नऊ वाजता वर जावं तर ही पाय चेपत बसलेली. “उद्याचं तुम्ही बघा,” म्हणते. उद्याचं म्हणजे ते पातेलं.

ओटीतल्या हरभऱ्यांची उसळ आणि साधी हरभऱ्याची उसळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाककृतींच्या पुस्तकात कोणी लिहीत नाही. साध्या उसळीचे हरभरे एका घरचे, एका पाण्यातले, एका वेळी भिजलेले. ओटीतले चार घरचे. त्यांच्यावर हळद असते, कुंकू असतं, गुलाबपाणी असतं. पहिल्या पाण्याला ते गुलाबी रंग देतात, दुसऱ्या पाण्याला पिवळा, तिसऱ्याला वास. मग अक्षता वर येतात. मग मोगऱ्याची एक पाकळी. तळाला सुपारी, आणि नीट चाचपलं तर एखादा रुपया. कोणीतरी ओटीत घातलेला, कोणीतरी न बघता पिशवीत ओतलेला. असा एक रुपया आमच्या कुकरमध्ये तीन शिट्ट्या उकळला होता. बाहेर आला तो इतका चकचकीत, की शेठजी म्हणाले, आमच्या पॉलिशवाल्याला ही रीत सांगा.

बरं, धुऊन झाले तरी खरी अडचण पुढे. चार घरच्या हरभऱ्यांची वयं चार. कोणी आदल्या रात्री भिजवले, कोणी सकाळी, कोणी पाहुण्या यायच्या दोन तास आधी गरम पाण्यात घालून वेळ मारून नेली. हे सगळे एका कुकरात एकत्र शिजवले, की काही विरघळून रस्सा होतात, काही बरोबर होतात, आणि काही बंदुकीत भरता येतील असे निघतात. त्या दोन तासवाल्या हरभऱ्यांवरून कोणत्या घरी घाई झाली होती ते मला दाताने ओळखता येतं. मी ते हिला सांगतो. हिला ते आधीच माहीत असतं.

पाण्याचाही हात असतोच. खारून नदीचं नळाचं पाणी आलं तर हरभरे गुमान शिजतात. बोअरचं जड पाणी घातलं की अडून बसतात, कारण त्यातला चुना सालीतल्या पेक्टिनला धरून ठेवतो. भिजवतानाच पाण्यात मीठ घातलं तर साल मऊ पडते, पण ओटीतल्या हरभऱ्याला मीठ कोण घालणार? सोडा घातला तर लवकर शिजतात, बुळबुळीत होतात आणि त्यातलं ब-१ जीवनसत्त्व जातं. म्हणून मी सोडा घालत नाही. मी शिट्ट्या वाढवतो. आणि इथेच गल्ली आत शिरते.

सदरातली घरं भिंतीला भिंत लावून आहेत. कुकरची शिट्टी ही खाजगी गोष्ट राहत नाही. पाचवी शिट्टी झाली, की वरच्या मजल्यावरचे सिंधी काका कठड्यावरून वाकून विचारतात, “साईं, क्या पक रहा है, पत्थर?” सातवीला पलीकडच्या जैन भाभी खिडकीत येतात. नववीला आमच्याकडे काम करणारी बाई झाडू खाली ठेवते, कमरेवर हात ठेवते आणि पातेल्यात उरलेले हरभरे बघून म्हणते, “अतका चना के का करहू?”

बाईचा प्रश्न वाजवी होता. तिची बहीण कांकेरकडे दिली आहे. तिकडच्या आदिवासी भागात, छत्तीसगढच्या २०१२ च्या अन्नसुरक्षा कायद्यामुळे, गरीब घराला रेशनवर महिन्याला दोन किलो चना पाच रुपये किलोने मिळायला लागला. ती बहीण ते दोन किलो महिनाभर पुरवते. आणि इथे या बायका नव्वद-शंभर रुपये किलोचे हरभरे विकत आणतात, फुगवतात, एकमेकींना वाटतात, आणि दुसऱ्या दिवशी आता याचं काय करायचं म्हणून डोक्याला हात लावतात. बाईने हे सगळं एका वाक्यात विचारलं होतं. मी तिला एक डबा भरून दिला आणि विषय बदलला.

आता एवढी उसळ आम्ही दोघं काय खाणार? वाटायची. वाटायची म्हटलं, की ती सगळ्यांना चालायला हवी. या एका वाक्यात किती काम आहे हे सदरात राहिल्याशिवाय कळत नाही.

जैन भाभींना कांदा चालत नाही, लसूण चालत नाही, बटाटा चालत नाही. हे तर रायपूरच्या शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण मी सांगतोय त्या दिवशी आठम होती. आठमीला आणि चौदशीला हिरवं खायचं नाही. म्हणजे वरची कोथिंबीर गेली, हिरवी मिरची गेली, आणि मी मोठ्या हौसेने किसून ठेवलेली कैरीही गेली. “भैया, अंकुर निकले हुए तो नहीं हैं ना?” मोड आलेलं त्यांना चालत नाही. मी खिडकीत उभा राहून मोड आलेले हरभरे वेगळे काढले. सांगायला सोपं, करायला बसा. मोडाच्या हरभऱ्याला एक बारीक नाक फुटलेलं असतं, ते चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्म्यावर कुकरची वाफ. बरं, वरून घट्ट दही घालून वाढावं तर तेही नाही. कडधान्य आणि न तापवलेलं दही एकत्र आलं की ते द्विदल होतं, ते वर्ज्य. आणि जे काही द्यायचं ते सूर्य मावळायच्या आत, कारण चौविहार. रायपूरला त्या दिवसांत साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो. उसळीला एवढी घाई मी आयुष्यात केली नव्हती.

त्यांच्या सासूबाईंची गोष्ट आणखी पुढची. चैत्रात त्यांची नवपदाची ओळी असते, नऊ दिवस आयंबिल. दिवसातून एकदा जेवायचं. तेल नाही, तूप नाही, दूध-दही नाही, साखर-गूळ नाही, मसाला नाही. नुसतं उकडलेलं अन्न. सासूबाई खाणार नव्हत्या, पण सल्ला देणार होत्याच. त्यांनी खिडकीतून माझ्या फोडणीकडे पाहिलं आणि अतिशय प्रेमाने म्हणाल्या, “बेटा, चना तो उबला हुआ ही सबसे अच्छा।” ऐंशी वर्षांचा अनुभव बोलत होता. मी खोबरं भाजता भाजता क्षणभर डगमगलो.

सिंधी काकांची मागणी बरोबर उलटी. त्यांच्याकडे सकाळच्या नाश्त्याला छोला-ढबल. छोल्यांबरोबर डबलरोटी, वर बारीक चिरलेला कांदा, चटणी. “साईं, प्याज के बिना चना मतलब दुल्हन के बिना बारात।” ते पाव घेऊन खालीच उतरले. कांदा त्यांनी घरूनच चिरून आणला होता आणि तो जैन भाभींच्या खिडकीतून दिसू नये म्हणून वाटीवर वर्तमानपत्र धरलं होतं.

बाईचं म्हणणं आणखी तिसरं. तिच्या मते टमाट्याशिवाय, म्हणजे तिच्या भाषेत पतालाशिवाय, कशालाच चव नाही. तिच्या डब्यात पतालची चटणी होती, बासी होती, मग हे चणे कशाबरोबरही गेले असते. रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी खाल्लेली बासी ही रायपूरच्या उन्हावरची खरी दवा आहे. ज्याने ती खाल्ली, त्याला दुपारी एकलाही कूलरची फारशी गरज उरत नाही.

आणि आमच्या हिला हवा गोडा मसाला आणि गुळाचा खडा. यावर तडजोड नाही. सासरी-माहेरी कुठेही, नागपूरला, रायपूरला, हरभऱ्यात गूळ पडलाच पाहिजे. इथला उन्हाळा पाहता मी एकदा गुळाऐवजी नुसती कैरी सुचवली होती. हिने मला एवढंच विचारलं, “तुमच्या आईने घातला नाही का?” संपलं.

सगळ्यांचं ऐकून झाल्यावर पातेल्यात काय उरलं? हरभरे, मीठ, हिंग, मोहरी, गोडा मसाला, भाजलेलं सुकं खोबरं, गूळ. कांदा नाही, लसूण नाही, टमाटा नाही, हिरवं पान नाही, दही नाही. वर कोथिंबीर न टाकलेली उसळ दिसते कशी? फोटो काढायच्या लायकीची अजिबात नाही. तपकिरीत तपकिरी.

पण ती गेली. साडेपाचला भाभींकडे, त्यानंतर काकांकडे, बाईच्या डब्यात, खाली शेठजींच्या दुकानातल्या पोरांना. तासाभराने निकाल आले. भाभी म्हणाल्या, त्यांनी कांदा-लसूण काढायला सांगितलं म्हणून खरी चव आली. सिंधी काका म्हणाले, वरून त्यांचा कांदा पडला म्हणून. बाई म्हणाली, “बने हे, फेर नून मोर हाथ के हे,” कारण शेवटी मीठ चाखून तिनेच थोडं वाढवलं होतं. ही म्हणाली, गूळ. सासूबाई म्हणाल्या, उकडले नीट होते, बाकीचं ठीक. मी काहीच म्हणालो नाही, कारण तोवर मी हरभऱ्याच्या झाडावर होतो.

झाडावर चढवायचं काम शेठजींनी केलं. दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली असताना ते मोठ्याने म्हणाले, “ऐसा चना तो हमने शादियों में भी नहीं खाया।” हे झाड पुरतं गुडघ्याच्या उंचीचं असतं, हे मला ठाऊक आहे. बेमेतरा-कवर्धाकडे रब्बीत शेतंच्या शेतं उभी असतात. शिवाय छत्तीसगढात त्या झाडाचं आणखी एक करतात. त्याचे कोवळे शेंडे खुडून त्याची भाजी करतात. चनाभाजी. हिवाळ्यात ओली, आणि वाळवून ठेवली की सुक्सा म्हणून वर्षभर. शेंडा खुडला की झाडाला आणखी फांद्या फुटतात, म्हणून शेतकऱ्यालाही ते हवंच असतं. त्या पानांवर आंबट आंब असते, पहाटे दवात हात लावला तर बोटं चुरचुरतात. तात्पर्य, या झाडावर बसणं कोणत्याही बाजूने सुखाचं नाही. तरी मी बसलो.

परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला. कंकालीपाऱ्याच्या मावशींचा मुलगा स्कूटरवर पिशवी अडकवून आला. “आई म्हणे, काकांच्या हाताला चव आहे. यातच टाकून घ्या.” पिशवीत भिजलेले हरभरे. त्यांच्या ओटीतले. दुपारी बूढापाऱ्याहून स्टीलचा डबा. संध्याकाळी मंडळातल्या सामुदायिक हळदीकुंकवात उरलेले, ते पातेल्यासकट. फोन करून विचारायची तसदी कोणी घेतली नाही. गावभर बातमी एवढीच पोचली होती, की सदरात एक मराठी माणूस आहे, तो ओटीतल्या हरभऱ्यांचं काहीतरी करतो. महिनाभर गावात फिरणारे हरभरे अखेर एका जागी येऊन थांबले, आणि ती जागा आमचा ओटा होता.

ही सुरुवातीला खूश होती. चौथ्या दिवशी कुकरची शिटी गेली, तेव्हा तिने मंगलाष्टकं म्हणावीत तशा सुरात सगळ्यांची नावं घेतली. मी मात्र पद्धत बसवली. आलेले हरभरे घरवार वेगळे ठेवायचे. नाकवाले एकीकडे, ते बाई नेणार. घाईवाले एकीकडे, त्यांना दोन शिट्ट्या जास्त. तिथी बघून कोथिंबीर. आठम-चौदस भिंतीवरच्या कालनिर्णयात बघता येते, पण सिंधी काकांचा कांदा कुठल्याच कालनिर्णयात नसतो, तो कधीही येतो.

अक्षय्य तृतीयेला हे सगळं थांबतं. छत्तीसगढात ती अक्ती. लहान मुली मातीच्या बाहुल्या आणतात, पुतरा-पुतरीचं लग्न लावतात, मांडव घालतात, वरात काढतात. मोठी माणसं सोनं घ्यायला सदरात येतात आणि त्या दिवशी कोतवालीपासून आमच्या दारापर्यंत यायला बाहुल्याच्या वरातीला जास्त वेळ लागतो की वऱ्हाडाच्या गाडीला, हे सांगणं अवघड असतं. त्याच दिवशी आमची गौर उठते. शेवटच्या दिवशी जी सवाष्ण दारात येईल तिची ओटी भरायची, मग ती ओळखीची असो वा नसो.

त्या दिवशी दुपारी जैन भाभी आमचा डबा परत द्यायला आल्या. डबा रिकामा द्यायचा नाही, ही रीत त्यांच्याकडेही आहे. मी झाकण उघडलं. आत हरभरे. कोरडे, टणटणीत, नव्या मालाचे. शिवाय मागे नोकराच्या हातात एक पोतडी.

“बेमेतरा से आए हैं, अपने खेत के,” भाभी म्हणाल्या. “आप लोगों को चना इतना पसंद है, पूरा महीना देख रही थी। मैंने इनसे कहा, पाँच किलो इनके लिए भी रखवा लो।”

हिने एकदा डब्याकडे बघितलं, एकदा पोतडीकडे, आणि मग माझ्याकडे अशा नजरेने, की मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकलो. पण रीत म्हणजे रीत. हिने भाभींना पाटावर बसवलं, हळद-कुंकू लावलं, गुलाबपाणी शिंपडलं आणि गौरीपुढच्या ताटातले उरलेले सगळे भिजवलेले हरभरे त्यांच्या पदरात घातले. चांगल्या दोन ओंजळी.

भाभी पदर सांभाळत उठल्या. दारापर्यंत गेल्या, थांबल्या, आत वाकून बघितलं.

“दीदी, इनका अब क्या करते हैं?”

हिने माझ्याकडे बोट दाखवलं. “शाम को भेज देना। भैया को दे देंगे।”